लिलीचं नाव यादीत नाही

दुकान सोडलं तेव्हा कुलूप लावायलाही सवड नव्हती. दोन जमातींचं भांडण बाजारापर्यंत आलं होतं, खालची घरं पेटली होती, लष्कराचा ट्रक हॉर्न वाजवत उभा. माझी बायको लिली, तिथलीच, कडेवर आमच्या लेकीला, आशाला घेऊन, ट्रकातून ओरडली, "पेटी घ्या!" मी आत पळालो आणि धुळीचं पोतं उचलून आणलं.

तुम्ही गलाईवाले असाल तर समजून घ्याल. सातवीत शाळा सोडून मी सांगलीकडून त्या पूर्वेच्या डोंगरात सोनं गाळायला निघालो, तेव्हा वडील एवढंच म्हणाले होते, "लेका, दुकानातली झाडलेली धूळ टाकू नगंस, सोनं तिच्यातच असतंय." हात तिकडंच गेला. लोखंडी पेटी दुकानासंगं जळाली. आत लिलीचं मतदार कार्ड, तिच्या बापानं तिच्या नावे केलेल्या घराचा कागद, आशाचा जन्मदाखला. घरी चोरी होईल म्हणून मीच ते दुकानात आणून ठेवलेलं.

त्याला तीन वर्षं झाली. आता कतारमध्ये, मुऐदर भागातल्या व्हिलांमध्ये एसीचे तांब्याचे पाइप गॅसवर जोडतो. जाळाची सवय होती म्हणून काम मिळालं. फोरमन देवमाणूस. लिली आणि आशा तिकडं निर्वासितांच्या छावणीत; तिथून फोन आला की म्हणतो, "खलास, काम छोड, पहले घर बात कर." या देशानं मला फोटोचं कार्डसुद्धा दिलंय. कुणी विचारलं की दाखवतो.

लिलीकडं दाखवायला काही नाही. छावणी बंद होतेय, आणि कागद असेल त्यालाच गावी परत नेणार. मी म्हटलं, सांगलीला जा, आई सांभाळंल. "इथनं हलले की आमचं नाव कायमचं गेलं," ती म्हणाली. "आणि आईंना काय सांगू, तुमच्या लेकानं पोतं वाचवलं?"

परवा छावणीत, गावी नेणार त्यांची यादी लागली. माझ्या सासूबाईंचं, लिलीच्या आईचं नाव आहे, कार्ड त्यांनी कमरेला बांधलेलं. लिलीचं नाही, आशाचं नाही. छावणीचे साहेब म्हणाले, ही इथलीच म्हणून जुन्या शेजाऱ्यानं सही दिली तर बघू. शेजारी दुसऱ्या जमातीचा. फोनवर लिलीला ताई म्हणत रडला, पण सही देईना. त्याला पोरंबाळं घेऊन तिथंच राहायचंय. त्याला तरी काय बोलू?

रूमवरची माणसं विचारतात, घर कुठं? आधी सांगली म्हणायचो, मग तो डोंगर. काल कळलं, आशानं यादीखाली पेन्सिलीनं तिघांची नावं लिहिलीत, माझं शेवटी. सध्या माझं घर म्हणजे तेवढी ओळ. लिलीला म्हटलं, पोरीला रागवू नको. कुणी खोडलं, तर परत लिहू दे.