मेणाचं पोट

परातीतले निम्मे बोंबील तसेच पडले होते. उर्सुला एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवून दोरीवर टाकत होती, पण चित्त ठिकाणावर नव्हतं. सकाळी डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलं पोटात मावेना. शेवटी परात तशीच टाकून ती ओटीवर सासूपुढे येऊन बसली.

मार्सेलिन कापसातलं मेणाचं बाळ उलगडत होती. महायुद्ध संपल्यापासून मेण पुन्हा मिळू लागलं होतं. सुनेची पाळी चुकली, की म्हातारी बांद्र्याच्या चर्चमधल्या मोत मावलीला वाहायला बाळ मागवायची. मग उशिराने का होईना, पाळी यायची, आणि उत्तन गावभर व्हायचं, ‘उर्सुलाचं परत गेलं.’

“आय, या टायमाला पन काय न्हाय,” उर्सुला म्हणाली आणि हसली.

“न्हाय, तं हसतेस कशाला?”

“कारन कदीच काय नव्हतं. एकदा पन गेलं न्हाय. हा रोग हाय. पोटात दोन बाजूंना बीजाच्या थैल्या असतात, त्या माज्या सुजल्यात. बीज पिकतच न्हाय. म्हनून पाळी अडते, अंग सुटतं. आनि हे पन त्यातलंच.” तिने हनुवटीवरचा पदर काढला. इतकी वर्षं केस उपटून, पदर ओढून ती देवळात जात होती.

मार्सेलिनने निरखून पाहिलं. “माज्या मॅन्युएलला पन येवडी दाट न्हाय आली.”

आपल्या दाढीवर उर्सुलाला पहिल्यांदाच हसू आलं.

“मंग मी दिष्टीच्या मिरच्या जाळल्या त्या?”

“खोकला आला, तेवडंच.”

“उपाय हाय का पन?”

“मुंबयच्या मोट्या दवाखान्यात पोट उघडून थैल्यांचा तुकडा काढतात. बाईंच्या ओळखीच्या दोघींची पाळी चालू झाली. पोर होयलच, असं न्हाय बोलली. पन मॅन्युएल सुरी लावू देल? तू सांगितलंस, तं देल.”

मार्सेलिन बाळाकडे बघत राहिली. पाय दुखला की मावलीला मेणाचा पाय वाहायचा, डोळे आले की मेणाचे डोळे, हे तिनेच सुनेला शिकवलं होतं.

“दुखनं पोटाचं, आनि आपन बाळ दावत बसलो,” ती म्हणाली. “मावलीला तरी कसं कळावं?”

तिने बाळ पुन्हा कापसात गुंडाळून पेटीत ठेवलं. “लागलं तं मागनं काढू. मॅन्युएलशी मी बोलते.” आणि उरलेले बोंबील दोरीवर टाकायला ती स्वतःच उठली.

उर्सुलाला दुसऱ्या दिवशी सकाळीच बांद्र्याला जायचं होतं, मावलीला मेणाचं पोट वाहायला.