देवी आल्या तेव्हा ह्यांनी काय मागितलं

वैद्यबुवांनी ह्यांच्या कपाळावरचे फोड निरखले, नाडी सोडली आणि अंथरुणाला हात जोडले. "देवी आहेत, बाई. आता आमचं औषध चालायचं नाही," म्हणाले आणि उठले. रोग्याला नमस्कार करून वैद्य निघून जातो, हे मी पुण्यातच पाहिलं.

आम्ही मूळचे वसईचे किरिस्ताव. माझे यजमान सरकारच्या कारखान्यात तोफा ओतायचे, म्हणून नागझरीजवळ बिऱ्हाड. आधी ताप आला, कंबर धरली. भट्टीपाशी राबून झालं असेल म्हणून मी काढे देत राहिले. मग तोंडावर पुरळ उठलं, त्यात पाणी भरलं, पुढे पू झाला. तुमच्याकडे ताप आणि कंबरदुखी अशी जोडीने आली, तर माझ्यासारखे अंदाज करत बसू नका.

शेजारच्या गोदूबाईंनी दाराला कडुलिंब बांधायला लावला. घरात फोडणी द्यायची नाही, रोग्याला उलटून बोलायचं नाही, असं बजावलं. पाद्रीबाबांनी विचारलंच, तर लिंब माश्यांसाठी आहे म्हणायचं, असं मी ठरवून टाकलं. बिनफोडणीचं वरण गिळताना मात्र माझीच परीक्षा झाली.

मला खरा धसका वेगळाच होता. ह्यांचे दोन्ही भाऊ देवींनी गेले. दाराला लिंब दिसला की हे वाट वाकडी करून दुसऱ्या गल्लीने जायचे. त्यात पाद्रीबाबांनी नुकतंच प्रवचनात समजावलं होतं, की वाईट माणसाला त्याची भीतीच गाठते आणि चांगल्याच्या पदरात त्याची आस पडते. हे सरळ निकाल लावून मोकळे झाले. ज्याला भ्यालो तेच आलं, म्हणजे मी वाईट. मग पेजेची वाटी तोंडाशी नेली की ओठ घट्ट मिटून घ्यायचे. फोडांच्या आधी उपासानेच जाणार, हे मला दिसत होतं. मी रागावले, रडले, काही उपयोग झाला नाही.

शेवटी पाद्रीबाबांना बोलावलं. ते उंबऱ्यात थबकले, कपाळावरचा घाम पुसला, मग आत येऊन अंथरुणाशी बसले.

"पास्कू, तुझ्या घरात पाय टाकताना मीही भ्यालो. म्हणून मी वाईट झालो का?"

ह्यांनी मान त्यांच्याकडे वळवली.

"वाईट माणसाकडे भीतीशिवाय काही उरत नाही. तुझ्याकडे काय आहे? काय हवंय तुला?"

मला वाटलं, बरं व्हायचंय म्हणतील.

"हिला वसईला न्यायचंय," हे म्हणाले. "लग्नात हिच्या आईला शब्द दिला होता, दर पावसाळ्यानंतर आणीन म्हणून. रजाच मिळाली नाही."

खाडीचा वारा, आईचा आवाज, या सगळ्याची मला किती ओढ लागायची, ते मी कधी बोलले नव्हते. बोलून काय होणार होतं? ह्यांना मात्र सगळं ठाऊक होतं. मी वाटी पुढे केली आणि ह्यांनी तोंड उघडलं.

खपल्या धरल्या, गळल्या. हे वाचले, पण दोन्ही डोळ्यांत फूल पडलं. आंधळ्या माणसाचं भट्टीवर काय काम? कारखान्याच्या दारोग्यांनी घरी बसायला सांगितलं. इतकी वर्षं मागून न मिळालेली रजा अशी मिळाली.

देवाचे मी आभार मानते आणि त्याच्याशी भांडतेही. ह्यांचे डोळे परत दे, मी वसईचं नाव काढणार नाही, असं रोज सांगून पाहते. तुमच्या घरी कोणी असं निजलं, तर कसली भीती वाटते ते विचारू नका, ते दिसतंच. काय हवंय ते विचारा आणि ऐकायला जवळ बसा.

उद्या बैलांच्या तांड्याबरोबर आम्ही निघतोय. खाडी दिसली की लगेच सांग, असं हे सकाळपासून बजावताहेत. सगळा घाट मी ह्यांना हात धरून उतरवणार आहे. आईला मात्र सांगणार आहे, की ह्यांनी मला आणलं.