वेशीतला खडा

रंगनाथआप्पा तांब्या घेऊन वेशीकडे निघाले की गल्लीला कळायचं, आज कुणीतरी गेलं. नाशकातल्या त्या जुन्या गल्लीच्या तोंडाशी भोई दरवाजा होता. दरवाजा कसला, काळ्या दगडाची नुसती कमान! तटबंदीचे दगड पणजोबांच्या काळातच लोकांनी आपापल्या घरांच्या पायात घातले, आणि खिळ्यांची ती मोठी दारं कुठे गेली देव जाणे. मान मात्र राहिला होता, आणि तो आप्पांच्या घराचा होता. तिरडी कमानीखाली टेकवायची, खांदेकऱ्यांनी जागा बदलायच्या. मग आप्पांनी पाणी शिंपडून गेलेल्याला नावानं तीन हाका मारायच्या आणि कमानीच्या पायथ्याचा एक खडा उचलून मुलाच्या हातात द्यायचा. तो जीवखडा. त्यानं स्मशानात मडकं फोडायचं, दहा दिवस जपायचा आणि दहाव्याला रामकुंडात सोडायचा.

आप्पा एसटीत कंडक्टर होते. मनमाडच्या गाडीवर जन्म गेला. तोंडानं फटकळ, पण या कामात कधी चुकले नाहीत. एकदा गाडीला उशीर झाला, तर गल्लीतल्या मंगलाबाईच्या सासऱ्याची तिरडी तासभर वेशीत खोळंबली आणि आप्पा खाकी कपड्यांतच धापा टाकत आले. "काय घाई होती म्हाताऱ्याला!" असं म्हणतच त्यांनी खडा उचलला.

तांब्या भरून द्यायच्या सिंधुबाई, त्यांची बायको. परत आल्यावर आप्पांच्या पायावर पाणी घालताना हमखास म्हणायच्या, "अहो, सगळ्या गल्लीला तुम्ही खडा देता. तुम्हाला कोण देणार?"

"तू दे."

"बायका देतात होय?"

"मग आधी तू जा. चांगला गुळगुळीत निवडून देतो, टोचणारा नाही."

"मेलं काहीतरी अभद्र!" म्हणत सिंधुबाई हसायच्या. आता ते आठवलं की आप्पांना वाटतं, जीभ झडली का नाही माझी!

आणि वेस गेली तीही त्यांच्याच हातानं. त्या पावसाळ्यात कमानीचा एक दगड निखळला. खाली पोरं क्रिकेट खेळायची. आप्पांनी चष्मा लावून महापालिकेला अर्ज लिहिला: वेस जुनी आहे, तातडीनं डागडुजी व्हावी. आयुष्यात एक अर्ज लिहिला माणसानं, आणि तोही नेमका लागू पडला! साहेब आले, बघून गेले. भोवती पत्रे ठोकले, 'धोकादायक' अशी पाटी लागली, आणि दिवाळीच्या आधी तीन दिवसांत कमान उतरवून दगड ट्रकनं नेले. खाली पांढरंशुभ्र काँक्रीट ओतलं. "आप्पानं वेस खाल्ली," असं लोक तोंडावर बोलायला लागले. आप्पा खाली मान घालून ऐकायचे. सिंधुबाई मात्र ओट्यावरून भांडायच्या, "त्यांनी दुरुस्त करा म्हटलं होतं, पाडा नाही!"

संक्रांत झाली आणि चौथ्या दिवशी सिंधुबाई गेल्या. सकाळी चहा ठेवायला उठल्या त्या तिथंच बसल्या.

खांद्यावर न्यायला आता माणसं कुठली? शववाहिनी आली. वेशीच्या जागी आप्पांनी गाडी थांबवली. मागं हॉर्न वाजायला लागले. आप्पांनी पाणी शिंपडलं, "सिंधू" अशी हाक तीनदा मारली. नवरा असा बायकोला नावानं हाक मारताना गल्लीनं पहिल्यांदाच ऐकलं. मग ते वाकले. काँक्रीटवरून हात फिरवत राहिले. गुळगुळीत होतं सगळं. एक खडासुद्धा नव्हता.

"आप्पा, चला," मुलगा संतोष म्हणाला. त्यानं गटाराच्या कामाच्या ढिगातून खडीचा एक तुकडा उचलला. टोकदार होता. त्यानंच मडकं फोडलं, आणि दहाव्याला तोच रामकुंडात सोडला.

महिन्याभरानं सून योगिनी सासूच्या पत्र्याच्या पेटीतली लुगडी उन्हात घालत होती. तळाशी एक पुरचुंडी निघाली. आप्पांच्या जुन्या खाकी सदऱ्याचा तुकडा, आणि त्यात एक काळा खडा. गुळगुळीत, चिंचोक्यासारखा.

"अगंबाई, हा तो!" योगिनी म्हणाली. "पत्रे ठोकायला माणसं आली ना, त्या दिवशी आई झाडू टाकून धावल्या होत्या. पदरात काहीतरी बांधून आणलं. मी विचारलं तर म्हणाल्या, यांच्यासाठी ठेवलाय, पुढं संतोषला दे. वेड्यासारखे सगळ्यांना वाटतात आणि स्वतःसाठी एक राखत नाहीत. कशाबद्दल म्हणतात ते मला तेव्हा उमगलंच नाही."

आप्पा खडा मुठीत धरून पेटीशेजारी बसले आणि लहान पोरासारखे ढसाढसा रडले. गल्लीतल्या एकाही तिरडीला ते रडले नव्हते. सबंध गल्लीला खडे दिले, आणि जिनं तांब्या भरून दिला तिला मात्र खडी!

दुपारी ते उठले, टोपी घातली आणि संतोषला म्हणाले, "चल, रामकुंडावर."

"आप्पा, आईनं तो तुमच्यासाठी ठेवलाय. तुमच्या वेळेला मी काय आणू?"

"मला रस्त्यावरचा कुठलाही चालेल," आप्पा म्हणाले. "तिला मी कबूल केलं होतं."

गुडघाभर पाण्यात उभं राहून त्यांनी तिला पुन्हा तीनदा नावानं हाक मारली आणि मूठ उघडली.