लायनीवरची शिटी

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस मी पुण्यात एका लहान कंपनीत प्रोग्रॅमर होते. आम्ही एका परीक्षेचे निकाल संगणकावर तयार करत होतो. छपाई तोंडावर आली असताना मला चूक सापडली: काही मुलांचे तोंडी परीक्षेचे गुण बेरजेत धरलेच जात नव्हते. पास झालेली मुलं नापास दिसत होती. दुरुस्तीसाठी मी प्रोग्रॅमची ती फाइल मुख्य संगणकावरून माझ्या नावावर काढून घेतली. मी ती परत ठेवेपर्यंत दुसऱ्या कुणालाही तिला हात लावता येणार नव्हता.

तेवढ्यात तार आली. बाबा विहिरीवर घसरून पडले होते, त्यांना कणकवलीला दवाखान्यात आणलं होतं. फ्लॉपी आणि टेलिफोनवरून संगणकाला संगणक जोडणारा ऑफिसचा मोडेम पिशवीत टाकून मी एस.टी. धरली.

दवाखान्यासमोरच्या टायपिंग क्लासात नवा संगणक होता. सरांनी तो मला वापरू दिला. दुरुस्ती झाली, पण ती पुण्याला पोचवायची कशी? ट्रंक कॉल लागला की मी रिसीव्हर मोडेमच्या रबरी वाट्यांत दाबून बसवायचे. पुण्याचा संगणक नाव विचारायचा, पासवर्ड विचारायचा, आणि मग लाइनमधल्या खरखरीने पडद्यावर नुसता अक्षरांचा कचरा. मी मोडेमचा वेग कमी केला. टाइपरायटरचा खडखडाट आत जाऊ नये म्हणून रिसीव्हरला टॉवेल गुंडाळला. जरा जमतंय म्हणेपर्यंत एक्स्चेंजमधल्या बाई मध्ये बोलायच्या आणि सगळं तुटायचं.

"बाय, तुझ्या लायनीर नुसती शिटी वाजता. माणूस खंय आसा?"

"मावशे, ता मशीन बोलता. तोडू नको गो, पाया पडतंय."

"बरा," त्या म्हणाल्या. पण पुढच्या कॉलला सवयीने पुन्हा, "वेळ संपलो, वाढवू काय?"

तेवढ्यात भाऊ धावत आला. "बाबांका ऑपरेशनाक घेतत. येतंस मां?"

"इलंय रे, पाच मिनिटां."

पुढचा कॉलही तुटला तेव्हा मला रडू फुटलं. पासवर्ड कुणालाही सांगायचा नाही, अशी ऑफिसची सक्त ताकीद होती. मी पुन्हा कॉल मागितला, रिसीव्हर कानाला लावला आणि पुण्यातल्या सहकाऱ्याला ओरडून सांगितलं, "माझ्या नावाने आत जा. पासवर्ड लिहून घे."

"ऐकू येत नाही गं!"

"मी सांगतंय तेका," बाई मध्येच म्हणाल्या. मग मी एकेक अक्षर ओरडून म्हणायचे आणि त्या ते पुण्याला मोठ्याने सांगायच्या. बदललेल्या ओळीही आम्ही अशाच पोचवल्या, कंसासकट. शेवटी त्याने सगळं परत वाचून दाखवलं. बरोबर होतं.

मी रस्ता ओलांडून धावले. बाबांना कधीच आत नेलं होतं. बाकावर आई एकटीच बसली होती.

"बाबा तुका हाक मारी होते," ती म्हणाली.

संध्याकाळी बाबा शुद्धीवर आले. त्यांनी माझा हात चाचपला. मला बोलायचं होतं, पण ओरडून ओरडून घसा पार बसला होता.