रिकाम्या घरांतली ऊब

"बसले! खुर्चीत बसले, कुणाच्या डोक्यावर नाही बसले," नेदेल्का म्हणाली. "आणि आवाज खाली कर. जिन्यात ऐकू जातंय."

"जिन्यात ऐकायला उरलंय कोण?" स्तामेनचा आवाज आणखी चढला. "ज्यांनी बघायचं त्यांनी तिकडे जर्मनीत बघितलं! दिल्याना मला फोन करून विचारते, 'स्तामेनकाका, आमच्या हॉलमध्ये कोण बाई बसलीय?' काय सांगू मी तिला? माझी बायको आहे, घरी बसायला जागा नाही म्हणून तुमच्याकडे शेकायला येते? तोंड कुठे लपवू मी?"

"टोपी आहे ना. ओढ खाली."

शेगडीशेजारच्या बाकावरून सासूबाई गेर्गिनाबाईंनी मान वर केली. "काय चोरलं हिनं?"

"काही नाही चोरलं, आई."

"मग ओरडतोस कशाला? दिल्यानाच्या आईकडे, रादाकडे चांगली तांब्याची पातेली होती. चोरायचंच होतं तर एखादं आणायचं तरी."

गेर्गिनाबाईंना ऐकू कमी यायचं, पण भांडणातलं नेमकं तेवढं यायचं. त्या पुन्हा शालीत शिरल्या. शेगडीवर घेवड्याचं सूप रटरटत होतं आणि खिडकीच्या काचेवरून वाफेचे ओघळ खाली येत होते. नोव्हेंबर ते मार्च त्या घरात माणसं राहायची ती फक्त या स्वयंपाकघरात. सासूबाई बाकावर झोपायच्या, स्तामेन टेबलाशी बसून रेडिओ ऐकायचा, आणि फ्रिज आणि खिडकी यांच्या बोळकांडीत नेदेल्काचं शिवणयंत्र होतं. बायका पँट आखूड करायला, चेन बदलायला द्यायच्या आणि परत नेताना कपडा नाकाशी धरायच्या. कांद्याचा वास येतो, असं कुणी तोंडावर म्हणत नसे. हल्ली कपडे मात्र कमी येत होते.

दाराच्या पलीकडे मोठी खोली होती. मोठ्या खोलीत सोफा, काचेचं कपाट, कपाटात कधी न वापरलेले कॉफीचे कप, आणि भिंतीवर एसी. उन्हाळ्यात गार करणारा, हिवाळ्यात गरम करणारा. ती खोली वेस्कोची म्हणायची. वेस्को म्हणजे मुलगा. तो स्पेनला गेला त्याला इतकी वर्षं झाली होती की तिथला उच्चार त्याच्या बल्गेरियनमध्ये उतरला होता.

एसी त्यानंच घेतला होता. बायको-मुलाला घेऊन पहिल्यांदा आला तो ऐन ऑगस्टमध्ये. डॅन्यूब नदीवरून वाऱ्याची झुळूक नाही, काँक्रीट-पॅनेलच्या भिंती रात्रभर तापलेल्या, आणि पोराच्या अंगभर घामोळं. तिसऱ्या दिवशी वेस्को दुकानात गेला आणि दोन माणसं डबे घेऊन वर आली. ती सुट्टी गार गेली. इरेने, त्याची बायको, एसीखाली बसून पोराला भरवायची आणि हसायची. नेदेल्काला तिचं बोलणं कळत नसे, हसणं कळायचं. मग ती मंडळी गेली.

बसवणाऱ्या माणसानं जाताना स्तामेनला सांगितलं होतं, "नीट निगा राखलीत तर पंधरा वर्षं बघायला नको." वापरत राहा, नुसता ठेवून देऊ नका, असंही तो म्हणाला होता. ते वाक्य स्तामेनला ऐकू आलं नव्हतं.

स्तामेन बंदरात क्रेन चालवायचा. त्याचा धक्का बंद व्हायच्या आदल्या दिवशीसुद्धा त्यानं क्रेनला ग्रीस केलं होतं, पुढच्याच आठवड्यात तिचं भंगार होणार हे ठाऊक असून. असा माणूस एसीला कसा सोडील? वर्षातून दोनदा तो जाळ्या काढायचा, टबमध्ये कोमट पाण्यात धुवायचा आणि सावलीत वाळवायचा. शेगडीजवळ नाही, प्लास्टिक वाकतं. बाल्कनीबाहेरच्या युनिटच्या पत्र्यांवर मऊ ब्रश फिरवायचा, वरून खाली, आडवा कधीच नाही. पाणी जायच्या नळीत फुंकर मारून बघायचा. कबुतरं बसू नयेत म्हणून वर खिळे, बर्फ पडू नये म्हणून पत्र्याचं छप्पर. एवढं झालं की मेन स्विच बंद, रिमोटमधले सेल बाहेर, रिमोट प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवीला रबर. थंडी पडली की युनिटला ब्लँकेट गुंडाळून वरून ताडपत्री.

"वेस्को येईल तेव्हा नवा मिळाला पाहिजे," तो म्हणायचा.

वेस्को त्यानंतर दोनदा आला. एकदा एकटा, बापाच्या ऑपरेशनला. एकदा ईस्टरला, तेव्हा हवा अशी छान होती की एसी लागलाच नाही. स्तामेनला थोडं वाईट वाटलं असावं.

त्याच्या हाताची कीर्ती मात्र जिन्यात पसरली. जिन्यात म्हणजे आता मोजकी घरं. बाकीच्यांनी कुलपं घातली आणि किल्ल्या स्तामेनकडे दिल्या. कुणी म्युनिकला, कुणी लंडनला, कुणी मुलीकडे सोफियाला. पॅसेजमधल्या खुंट्यांवर किल्ल्यांचा घोस वाढत गेला. स्तामेननं प्रत्येकीला रंगीत दोरा बांधला. खालच्या दारावर मेलेल्यांची पत्रकं लावायची कामंही हळूहळू त्याच्याकडेच आली. माणूस गेल्याला चाळीस दिवस, सहा महिने, वर्ष झालं की फोटोचं नवं पत्रक. मुलं फोटो पाठवायची, तो छापून आणायचा आणि चिकटवायचा. दारावर जेवढे चेहरे होते तेवढे आत राहत नव्हते.

आणि एसी. बंद घरांतल्या एसीच्या जाळ्या तो धुवायचा, आणि मालकांनी सांगून ठेवल्याप्रमाणे अधूनमधून अर्धा तास चालवायचाही. आतलं तेल फिरलं पाहिजे, ओल धरली नाही पाहिजे.

"मग आपला का नाही चालवत?" नेदेल्कानं एकदा विचारलं होतं.

"त्यांचा आहे, झिजू दे. आपला नवा राहू दे."

लग्नाला इतकी वर्षं झाली की बऱ्याच गोष्टींवर काय बोलायचं ते सुचत नाही.

गेल्या हिवाळ्यात ती त्याच्याबरोबर रादाच्या घरी गेली, धूळ पुसायला. रादा दिल्यानाची आई, तिसऱ्या मजल्यावरची. ती वारल्याला दीड वर्ष झालं होतं, भिंतीवरचं कॅलेंडर त्याच महिन्यावर थांबलेलं. स्तामेननं एसी लावला आणि तो वरच्या मजल्यावर गेला. नेदेल्का फडकं हातात घेऊन उभी राहिली. आधी गार वारा आला, मग कोमट, मग ऊब. तिची बोटं, जी सकाळपासून लाकडासारखी झाली होती, एकेक करून सुटायला लागली. सुईत दोरा ओवायला आपल्याला चष्मा नाही, गरम बोटं लागतात, हे तिला त्या दिवशी कळलं.

पुढच्या वेळी तिनं पिशवीत एक स्कर्ट नेला. मग म्हणाली, "रादाकडचा मी लावत जाईन. तू वरचे बघ. गुडघे दुखतात ना तुझे?" अर्ध्या तासाचा तास झाला, तासाची सकाळ. कुणी बोलायला नव्हतं. पण कुणी खोकत नव्हतं, रेडिओ नव्हता, सूप उतू जात नव्हतं. रादाच्या खुर्चीत बसून ती टीप घालायची आणि एखाद वेळी मान वर करून बघायची की आपण कुणाच्या घरात आहोत.

या हिवाळ्यात कपाटावर दिसलेली पांढरी वाटोळी वस्तू तिला घड्याळ वाटली होती, बंद पडलेलं. उन्हाळ्यात दिल्याना येऊन तो कॅमेरा लावून गेली होती. स्तामेनला माहीत होतं. सांगायचं राहिलं.

"घड्याळ वाटलं मला," आता ती म्हणाली.

"काटे नसलेलं घड्याळ?"

"आपल्या घरात काय सगळ्या गोष्टी चालतात? म्हटलं, त्यांच्याकडेही एखादी वस्तू जपून ठेवलेली असेल."

स्तामेन काही बोलणार तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला. त्यानं बघितलं आणि हात मागे घेतला. "दिल्याना आहे. तूच बोल आता."

नेदेल्कानं हात एप्रनला पुसून फोन घेतला. "बोल गं पोरी. चुकलंच माझं. वीज किती जळाली ते सांग, मी..."

"अहो नेदाकाकू, वीज काय घेऊन बसलात!" फोनवर मागे कुठेतरी गाड्यांचा आवाज होता. "काकांना मी रागानं नव्हतं विचारलं. घाबरले होते. जेवायच्या सुट्टीत सहज फोन उघडला, तर खुर्चीत आई. पाठमोरी. शाल, खाली घातलेली मान, हातात सुई. आईच बसलीय, काकू. मी तिथे सगळ्यांसमोर किंचाळले. ते म्हणाले, काय झालं? काय सांगणार त्यांना?"

"होय गं, होय," नेदेल्का म्हणाली.

"तुम्ही येत जा. रोज या. पाहिजे तेवढा वेळ लावा एसी. त्याच खुर्चीत बसा. मी अधूनमधून बघत जाईन, चालेल ना? नुसतं बघीन. बोलणार नाही."

नेदेल्कानं काहीतरी उत्तर दिलं. नंतर तिला ते आठवेना. फोन ठेवून ती शिवणयंत्राशी गेली आणि उभीच राहिली.

"काय म्हणाली?" स्तामेननं विचारलं. आवाज एव्हाना खाली आला होता.

"रोज ये म्हणाली."

"बघ! चांगली पोर आहे. मी उगाच..."

"तिला मी तिची आई वाटले. म्हणाली, बसत जा, बघून बरं वाटेल."

"मग बस की. तुझी सोय झाली, तिलाही बरं."

नेदेल्कानं त्याच्याकडे बघितलं. हा माणूस वाईट नव्हता. कधीच नव्हता. "माझं घर तिच्या दोन मजले वर आहे," ती म्हणाली. "मी जिवंत आहे. मी खाली जाऊन दुसऱ्याची मेलेली आई होऊन बसू?"

सासूबाई म्हणाल्या, "रादा चांगली होती. पातेली चांगली होती तिची."

"आपला एसी लाव, स्तामेन."

"परत तेच. वेस्को ख्रिसमसला आला की लावूच. दोन आठवडे नुसता चालवू. मी कालच आतून पुसून घेतलाय."

"वेस्को येत नाहीये."

स्तामेनचा हात रेडिओच्या बटणावर होता, तिथेच राहिला.

"रविवारी फोन आला होता. तू बाल्कनीत ताडपत्रीची दोरी पुन्हा आवळत होतास. तुला मग सांगणार होते." मग म्हणजे केव्हा, हे तिलाही माहीत नव्हतं. चार दिवस ते वाक्य तिनं तोंडात धरून ठेवलं होतं. "त्यांनी तिकडे घर घेतलंय. पोराची शाळा तिथेच. ख्रिसमसला इरेनेच्या माहेरी जाणार. उन्हाळ्याचं बघू म्हणाला."

"बघू म्हणाला ना?"

"बघू म्हणाला."

"एसीबद्दल काय म्हणाला?"

"एसीबद्दल त्यानं विचारलं नाही."

स्तामेननं टोपी काढली, टेबलावर ठेवली, पुन्हा घातली. मग उठून तो मोठ्या खोलीत गेला आणि बाल्कनीचं दार उघडल्याचा आवाज आला. थंडीचा झोत स्वयंपाकघरापर्यंत आला. नेदेल्का त्याच्या मागे गेली. तो ताडपत्रीच्या दोरीची गाठ हातात धरून उभा होता. सोडत नव्हता, आवळतही नव्हता. समोरच्या इमारतीच्या अंधाऱ्या खिडक्यांत एकच दिवा होता आणि त्याच्याखाली कुणीतरी एकटंच जेवत होतं.

"बिघडेल," तो म्हणाला. "रोज चालवला तर बिघडेल, नेदा. मग काय राहील?"

तिनं त्याच्या हातातून दोरीचं टोक घेतलं, गाठ बोटांनी उकलेना म्हणून दातांनी सोडवली आणि ताडपत्री आणि ब्लँकेट ओढून काढलं. ब्लँकेट खालून ओलं झालं होतं, पत्र्यांवर पांढरट बुरशीचा थर होता. स्तामेननं ते बघितलं आणि तो ब्रश आणायला आत गेला. बराच वेळ तो ब्रश फिरवत होता, वरून खाली. तोवर तिनं सेल शोधून रिमोटमध्ये घातले आणि मेन स्विच वर केला.

मग ती स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. सासूबाई बाकावर उठून बसल्या होत्या.

"ऐका दोघंही," नेदेल्का म्हणाली. "आजपासून आपण मोठ्या खोलीत राहायचं. शिवणयंत्र मी आत्ता हलवतेय, आईंचा बाक जेवण झाल्यावर हलवायचा. काचेचं कपाट पॅसेजमध्ये जाईल. एसी सकाळी लागेल आणि झोपताना बंद होईल. रादाच्या घरी मी परत जाणार नाही, तिथला तू चालव. आणि आपल्या जाळ्या इथून पुढे दर पंधरा दिवसांनी धुवाव्या लागतील, कारण त्या आता मळतील."