ओतूर शाखेचे खातेदार

ओतूरच्या पतसंस्थेत काउंटरवर बसायला लागल्यापासून मला किस्से शोधावे लागले नाहीत. ते पासबुक घेऊन रांगेत उभे असतात! शाखा लहान. मॅनेजर शिंदेसाहेब, शेजारच्या काउंटरला विलास आणि मी. घरी एक किस्सा सांगेपर्यंत दुसऱ्या दिवशीचे दोन तयार!

* * *

एकदा पुण्याहून ट्रेनर आले. ग्राहकाशी कसं बोलायचं ते शिकवून गेले. दुसऱ्या दिवशी विलासचा शाळेतला दोस्त आला. विलास उभा राहिला, हसला, हात जोडले. "नमस्कार सर! मी आपली काय मदत करू शकतो?"

दोस्ताचा चेहरा उतरला. "खरं सांग राव. संस्था बुडाली का?"

* * *

केवायसीसाठी मी आमच्या शेजारच्या तात्यांकडे आधार कार्ड मागितलं. तात्या भडकले. "तुझ्या बारशाला व्हतो मी! अन् मलाच वळख मागतीस?"

साहेब केबिनमधून बाहेर आले. "तात्या, ओळख आहे हो. पुरावा नाही!"

तात्या तरातरा घरी गेले आणि आधार घेऊन आले. सोबत माझ्या बारशाचा फोटो!

* * *

एक किराणा दुकानदार बायको गेल्यापासून रोज सकाळी येतात, बॅलन्स विचारतात आणि आमच्याबरोबर चहा घेतात. विलासने त्यांच्या मोबाईलवर ॲप टाकून दिलं. दुसऱ्या दिवशी शेठ पुन्हा हजर!

"शेठ, ॲपमध्ये बॅलन्स दिसत नाही का?"

"बॅलन्स दिसतो की. तुमी कुठं दिसता?"

* * *

मार्चअखेर होती, ठेवींचं टार्गेट अपुरं. एक रिटायर्ड एसटी ड्रायव्हर सगळा फंड पाच वर्षांसाठी ठेवायला आले. साहेबांनी चहा मागवला आणि विचारलं, "गुडघ्याचं ऑपरेशन कधी?"

"दिवाळीनंतर बघू."

"मग पैसे आत्ता अडकवू नका. आधी पायावर उभे राहा."

संध्याकाळी हेड ऑफिसचा फोन आला. "एवढी ठेव दारातून परत पाठवलीत?"

"पाठवली नाही साहेब," आमचे साहेब म्हणाले. "गुडघा दुखतो त्यांचा. स्टँडपर्यंत गाडीवर सोडून आलो!"

* * *

मढच्या हिरामावशी दर महिन्याला यायच्या. त्या आल्या की विलास काउंटर सोडून बाहेर यायचा, बाकावर त्यांच्या शेजारी बसून हळूहळू बोलायचा. आम्ही चिडवायचो, "मावशीचा लाडका!"

मग विलासची बदली राजुरीला झाली. मावशी आल्या तेव्हा मी काचेआडून त्यांना सगळं नीट समजावलं. "व्हय, व्हय," म्हणत त्यांनी मान डोलावली आणि काम न करताच निघून गेल्या.

काही दिवसांनी विलासचा फोन आला. मावशी ओतूर ओलांडून, एसटी बदलून राजुरीला येतात म्हणे!

"अरे, पण त्यांना इथं अडचण काय आहे?"

"ते मी नाही सांगणार. मावशीनं शपथ घातलीय."

पुढच्या महिन्यात त्या मला ओतूरच्या स्टँडवर दिसल्या, राजुरीला जायला आळेफाट्याच्या गाडीची वाट बघत. मी शेजारी जाऊन बसले. "मावशी, आम्ही आहोत की इथं. एवढ्या लांब कशाला जाता?"

त्या समोर बघत राहिल्या. मी पुन्हा विचारलं. तरी समोरच. शेवटी हातावर हात ठेवला, तशा दचकून वळल्या. कोणी ऐकत नाही ना, ते पाहिलं. मग बाकाच्या दुसऱ्या टोकाकडे बोट करून हळूच म्हणाल्या,

"बाई, या अंगाला येऊन बस. विलास हिकडं बसतो."