आमच्याच खळीनं अडकलेला वायपर

भर पावसात वायपर बंद पडला तेव्हा मी आधी ड्रायव्हरवर ओरडले. सकाळचे साडेनऊ, गुडीहत्नूरच्या जरा अलीकडे. मागच्या सीटवर मावशी. त्या मुलींच्या एका वसतिगृहात स्वयंपाक करायच्या. तांदळात अळ्या निघाल्या, तो शिजवायला त्यांनी नकार दिला, म्हणून कामावरून काढलं. तांदूळ पुरवणारा मोकळा, शिजवणारी घरी! अकरा वाजता आदिलाबादला त्यांची सुनावणी होती. गैरहजर राहिल्यास प्रकरण बंद, असं नोटिशीतच लिहिलेलं.

आणि समोर काचेवर नुसतं पाणी.

बटण दाबलं की मोटर गुरगुरायची, दांडी जागची हलायची नाही, आणि फ्यूज उडायचा. एक उडाला. दुसरा टाकला, तोही उडाला.

"मोटरच गेली, ताई. मेकॅनिक बोलवा लागते."

"निघायच्या आधी पाहाले काय झालं होतं तुमाले?"

"आठ दिस पाणीच नोतं. वायपर कायले लावू?"

उत्तर बरोबर होतं, म्हणून मी आणखी भडकले. निष्काळजीपणा, खड्डे, कंत्राटदार, सरकार, सगळं त्या एकट्या माणसाला ऐकवलं. संघटनेची पत्रकं लिहून लिहून ही खोड लागली आहे.

मावशी पदर डोक्यावर घेऊन खाली उतरल्या. दांडीच्या बुडाशी नख घातलं, वास घेतला.

"काऊन ओरडून राह्यली, बाई? ही तर मैद्याची खळ हाय."

खळ माझीच. मागच्या आठवड्यात मोर्चासाठी आम्ही या गाडीच्या पुढच्या काचेच्या खालच्या कडेला पोस्टर लावलं होतं. मैदा मीच शिजवला, कीड लागू नये म्हणून मोरचूद घातलं, आणि पोस्टर सुटू नये म्हणून ब्रशनं खळ थापली. तिचे ओघळ वायपरच्या सांध्यात उतरले आणि उन्हात दगड झाले. पोस्टरवर मागणी कसली? मावशींना कामावर परत घ्या!

"ताई, पुढच्या मोर्चाले मैदा कमी टाका," ड्रायव्हर म्हणाला.

फाट्यावरच्या चहावाल्याकडून मावशींनी उकळतं पाणी आणलं. "काचंवर नोको, तडकून जाईन. करपल्या भाताच्या गंजात मुरू देतो तसं मुरू द्या." सांध्यावर पाणी दोनदा ओतलं, मुरायला तासभर गेला. ड्रायव्हरनं दांडी हळूहळू मागंपुढं केली, शेवटचा फ्यूज बसवला. वायपर रडतखडत फिरला.

पोचलो तेव्हा पावणेबारा. रजिस्टरमध्ये लिहून झालं होतं: गैरहजर.

मी तिथंच नव्या वेळेसाठी अर्ज खरडला. उशिराचं कारण: रस्त्याची दुरवस्था, प्रशासनाची उदासीनता, वगैरे.

"वाचून दाखव," मावशी म्हणाल्या. मी वाचला.

"खोटं काऊन लिहितं? तांदळाचं खरं सांगाले आली ना मी इथं?"

कागद फाडला. दुसऱ्यावर दोनच ओळी लिहिल्या: आमच्या पोस्टरच्या खळीनं वायपर अडकला. उशिरात मावशींचा दोष नाही, माझा आहे. कारकून वाचून हसला. हसू दे! कागद आत साहेबांकडे नेला आणि दोन वाजताची वेळ घेऊन आला.

दोन वाजता मीही उठले.

"तू भायेर राय," मावशी म्हणाल्या. "तू वायपरवर एवढी बोलली. तांदळावर मी बोलतो."

दार लागलं. मी बाहेर दाराला कान लावून उभी. आत त्या पहिलं पोतं उघडल्यापासून सांगत होत्या, आवाज जराही न चढवता.